फ्रीमाँटचे परराष्ट्रमंत्री

परवा जर्सी सिटीत ऑफिसला निघता निघता फोनवर एक मेसेज आला. कुठल्याशा सर्वेक्षण कंपनीचा होता. 'राष्ट्राध्यक्ष निवडताना तुम्हाला कोणते मुद्दे महत्त्वाचे वाटतात? क्रमाने लावा.' खाली यादी. महागाई, नोकऱ्या, आरोग्यविमा, घरांच्या किमती, शाळा असं करत करत अगदी तळाला, 'इतर'च्या जेमतेम वर, परराष्ट्र धोरण. मी या देशाची नागरिक नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या बाईला मत विचारणं म्हणजे उपासाच्या दिवशी मेनूकार्ड हातात देण्यासारखं आहे. पण 'इतर'ला खेटून बसवलेलं ते परराष्ट्र धोरण पाहिलं आणि मला खांबेटे काका आठवले. हा मेसेज त्यांना आला असता तर त्यांनी त्या कंपनीला फोन लावला असता आणि पलीकडच्या माणसाची शिफ्ट संपेपर्यंत त्याला सोडलं नसतं.

आधी आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहत होतो, तिथे आमच्या आणि त्यांच्या टाउनहाउसची एक भिंत सामाईक होती. राहायला गेलो त्या दिवशी आमचा सोफा दारात अडकला होता. एक टोक निखिलच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, छातीवर आणि दुसरं माझ्या. तेवढ्यात शेजारच्या दारातून अर्धी चड्डी, पायात मोजे आणि मोज्यांवर चपला घातलेले एक उंच, सडपातळ गृहस्थ बाहेर आले. आम्ही एकमेकांवर मराठीत ओरडत होतो, त्यामुळे ओळख करून देण्याची गरज नव्हती. मूळचे कुठले, कंपनी कुठली, व्हिसा कुठला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मी तयार ठेवली.

"तैवानबद्दल तुमचं काय मत आहे?" त्यांनी विचारलं.

निखिल म्हणाला, "काका, जरा ते टोक धरता का?"

काकांनी टोक धरलं. सोफा आत गेला तेव्हा तैवान संपून आर्क्टिकमधला बर्फ सुरू झाला होता. आम्ही मूळचे नागपूरचे आहोत हे त्यांना पुढे दोन महिन्यांनी कळलं, तेही काकूंकडून.

काकांचं नाव श्रीधर खांबेटे. मिरजेहून तरुणपणी शिकायला आले आणि इथेच राहिले. सगळी नोकरी एका ठिकाणी केली. सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटवर इंजिनिअर, घरापासून गाडीने वीस मिनिटं. भारत सोडला तर त्यांनी परदेश असा एकच पाहिला होता, कॅनडा. आणि तोही नायगारा पलीकडून जास्त चांगला दिसतो म्हणून. "सगळं आयुष्य गटारात गेलं ना, म्हणून आता सारखा समुद्र लागतो त्यांना," शैला काकू म्हणायच्या. काकू निवृत्त लॅब टेक्निशियन. बोलायच्या कमी, पण जे बोलायच्या ते सुई टोचून झाल्यावर कळावं तसं. काका त्यावर चिडत नसत. सांडपाण्याचा त्यांना अभिमानच होता. त्यावर चारचौघांत बोलण्यासारखं काही नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

परराष्ट्र धोरणावर मात्र ते कुठेही, कुणाशीही बोलत. आणि त्यांचा सिद्धांत एकदम पक्का होता.

"हे बघ मीनल," ते म्हणत. "शाळा कुणाची? स्कूल बोर्डाची. रस्ते कुणाचे? सिटीचे. पोलीस सिटीचे. सांडपाणी माझं. अंड्यांचा भाव कोण ठरवतं? कोंबडी. मग राष्ट्राध्यक्षाच्या हातात उरलं काय? समुद्र! आणि समुद्रापलीकडची माणसं. मग त्याला निवडायचं कशावरून?"

एवढं बोलून ते थांबत आणि उत्तर येईपर्यंत हलत नसत. एकदा मी भाजी करपू नये म्हणून "परराष्ट्र धोरणावरून, काका" असं पटकन म्हणून टाकलं, तर ते इतके खूश झाले की त्यांनी मला पूर्व आशियाही समजावून सांगितला. भाजी करपलीच.

दर निवडणुकीला ते सगळ्या उमेदवारांना मार्क देत. चौकटीचा कागद, लाल पेन, आणि बोर्डाच्या परीक्षेसारखे विषय. नकाशाचं ज्ञान, संयम, मित्रदेशांशी वागणूक, आणि सगळ्यात जास्त मार्कांचा विषय म्हणजे ठामपणा. एखाद्या उमेदवाराने भाषणात दोन देशांची गल्लत केली की काका टीव्ही तसाच चालू ठेवून बाल्कनीत जाऊन उभे राहत. घरात कुणी गेल्यासारखा त्यांचा चेहरा होई. मग काकू आतून ओरडत, "अहो, या आत. तो आता अंड्यांवर बोलतोय."

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जगाचा नकाशा छापलेलं प्लॅस्टिक अंथरलेलं असे. नात ईशा लहान असताना तिला देश शिकवायला म्हणून आणलेलं. तिचे आईवडील दोघंही नोकरीवाले, घर दहा मिनिटांवर, त्यामुळे शाळा सुटली की ती रोज आजीआजोबांकडे. पोळीचा तुकडा मोडायच्या आधी एक सामुद्रधुनी दाखवायची असा नियम होता. ईशा मोठी होऊन कॉलेजला गेली, पण नकाशा टेबलावरच राहिला. रशियावर आमटीचे डाग होते आणि ऑस्ट्रेलिया गरम पातेल्याखाली थोडा वितळला होता. त्यावर मीठदाणी म्हणजे पाणबुडी, वाट्या म्हणजे लहान युद्धनौका, आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी म्हणजे विमानवाहू नौका. जगात कुठेही काही खुट्ट झालं की काका बरणी उचलत, हिंदी महासागरातून सरकवत तिथे नेऊन ठेवत आणि म्हणत, "आरमार पाठवा!" पाहुण्यांना लोणचं हवं असेल तर पर्शियन आखातातून मागून घ्यावं लागे.

हा माणूस गल्लीत कसा वागायचा, तेही सांगायला हवं. पलीकडच्या चेन नावाच्या गृहस्थांची गाडी रोज काकांच्या ड्राइव्हवेत हातभर घुसलेली असायची. काकांना आपली गाडी काढताना कसरत करावी लागे. काकू महिनाभर मागे लागल्या होत्या, जाऊन स्पष्ट सांगा म्हणून. शेवटी एका रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि तासाभराने हसत हसत परत आले. चेन साहेबांच्या मुलाने नवी गाडी घेतली आहे, लावायला जागा नाही, म्हणून काकांनी त्यांना आणखी हातभर जागा देऊन टाकली होती. शिवाय जाताना डबाही नेला होता.

"तिकडे आरमार पाठवता," काकू म्हणाल्या, "आणि इकडे बेसनाचे लाडू."

"शैला, शेजारी कायमचे असतात," काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी एखाद्या देशाबद्दल कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

एका निवडणुकीच्या आधी टीव्हीवर सांगितलं की मतदारांच्या दृष्टीने परराष्ट्र धोरण यादीत फार खाली आहे. काकांना ते पटेना. विचारणाऱ्यांनी नीट विचारलं नसणार, असं म्हणून त्यांनी स्वतःच सर्वेक्षण काढलं. क्लिपबोर्ड, कागद, दोन रकाने. पहिला: परराष्ट्र धोरण महत्त्वाचं वाटतं का? दुसरा: मागच्या वेळी त्यावरून मत दिलं का? मला मत नसल्यामुळे माझी तटस्थ निरीक्षक म्हणून नेमणूक झाली, म्हणजे पाण्याची बाटली धरायला.

पहिल्या दारी मिसेस रेयेस, हॉस्पिटलमधल्या नर्स. "ओह, व्हेरी इम्पॉर्टंट!" त्या म्हणाल्या. काकांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग दुसरा प्रश्न. मागच्या वेळी मत कशावरून दिलं? "अंडी," त्या म्हणाल्या. पुढे ट्रकचा धंदा करणारे ढिल्लों. परराष्ट्र धोरण? बहुत इम्पॉर्टंट, अंकलजी. मत? डिझेल. कोपऱ्यावरच्या घरात सांता क्लाराला नोकरीला जाणारं एक तरुण जोडपं होतं. त्यांनाही ते अत्यंत महत्त्वाचं वाटत होतं, पण मत त्यांनी घरकर्जाच्या व्याजावरून दिलं होतं. शेवटच्या घरातल्या आजोबांनी तर उमेदवार थकल्यासारखा दिसत होता म्हणून दुसऱ्याला मत दिलं होतं. काकांचा पहिला रकाना भरगच्च आणि दुसरा कोरा. उन्हात चालून आणि समजावून त्यांचा आवाज बसला होता.

शेवटी ते दुकानांच्या रांगेतल्या हमीदच्या बेकरीत शिरले. हमीद अफगाण. तंदूरमधून हातभर लांब नान काढून द्यायचा आणि काकांशी हिंदीत बोलायचा. हा तरी आपल्या बाजूने बोलेल अशी काकांची खात्री होती. त्यांनी प्रश्न विचारला. हमीदने नान कागदात गुंडाळलं आणि हसला.

"अंकल, आपके लिए फॉरेन पॉलिसी है," तो म्हणाला. "हमारा तो मोहल्ला था."

काकांनी क्लिपबोर्डावरच्या दुसऱ्या रकान्यावर पेन टेकवलं. मग त्यांनी चाचरत दुसरा प्रश्न विचारला.

"वोट?" हमीदने बाहेर बोट दाखवलं. "वोट तो मैं पार्किंग पे दूँगा. कस्टमर गाड़ी कहाँ लगाए?"

घरी आल्यावर काकांनी क्लिपबोर्ड कपाटात टाकला. मला वाटलं, आता हा नाद सुटेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी पुन्हा भूमध्य समुद्रात होती.

तिकडे कॅलिफोर्नियात मतपत्रिका टपालाने घरी येते. भरायची, लिफाफ्यात घालायची, लिफाफ्यावर सही करायची आणि पाठवायची. ती आली की त्याच्या पुढच्या रविवारी काकांकडे आसपासचे मराठी ज्येष्ठ नागरिक आपापली पत्रिका घेऊन जमत. साबुदाण्याची खिचडी, ताक आणि काकांचं भाषण. भाषण दीड तास, विषय जग. त्यानंतर सगळे मिळून राष्ट्राध्यक्षाचा एक गोल काळा करत. पण पत्रिकेत तो एकच गोल नसतो. पुढे पानंच्या पानं असतात. न्यायाधीश, शाळेचे कर्जरोखे, बगीच्याचा कर, पाणी मंडळ, सांडपाणी मंडळ. तिथे पोचलं की काका खुर्चीत मागे रेलत. "त्यात काय, कुणालाही द्या," म्हणत. ज्या एका विषयातलं त्यांना त्या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं, तिथे त्यांचं मत नसे. मग सगळे आपले कागद घेऊन स्वयंपाकघरात काकूंकडे जात. काकूंनी सगळं वाचलेलं असे.

राष्ट्राध्यक्षाच्या बाबतीत काकूंचा स्वतःचा निकष होता आणि तो काकांना कितीतरी वर्षं माहीतच नव्हता. आपल्या घरातली दोन्ही मतं परराष्ट्र धोरणाला जातात असं ते अभिमानाने सांगत. एका रविवारी काकूंनी खिचडी वाढता वाढता सांगून टाकलं, "मी त्यांचं स्टेजवरून उतरणं बघते. बायकोसाठी मागे वळून थांबतो का ते."

"हा काय निकष आहे?" काका ओरडले.

"विमानतळावर चाळीस वर्षं तुमच्या मागून धावलेय. मला विचारा काय निकष आहे."

"आणि उमेदवार बाई असली तर?"

"मग नवरा धावतो का ते बघते."

म्हणजे गेली कित्येक वर्षं या घरातलं एक मत दुसऱ्याला खाऊन टाकत होतं. काका दोन दिवस काकूंशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र चष्मा सापडेना, तेव्हा संबंध पूर्ववत झाले.

त्याच रविवारी काकांच्या हातून एक पराक्रम घडला. कुठलाही कागद लिहायला घेतला की वर 'श्री' लिहायचं ही त्यांची मिरजेच्या शाळेपासूनची सवय. त्या वर्षी, निवडणूक फार महत्त्वाची आहे म्हणून, त्यांनी लिफाफ्यावरच्या सहीच्या चौकटीत आधी 'श्री' काढलं आणि मग सही केली. बाकीच्या ज्येष्ठांना ते इतकं आवडलं की सगळ्यांनी तसंच केलं. दोन आठवड्यांनी एकेकाला निवडणूक कार्यालयातून पत्र आलं: तुमची सही आमच्याकडच्या सहीशी जुळत नाही. मग मी आमच्या व्हॅनमधून तिघा काकांना आणि दोघी मावशींना त्या कार्यालयात घेऊन गेले. खिडकीतल्या मुलीने पाच लिफाफे समोर मांडले आणि प्रत्येकावरचं तेच गिरगटलेलं अक्षर बघून हळूच विचारलं, "हे सगळं एकाच माणसाने लिहिलंय का?"

काका पुढे झाले. "नो, नो. धिस इज हाउ वी बिगिन," ते म्हणाले.

मुलीने सगळ्यांच्या नव्या सह्या घेतल्या आणि मतं बाद होता होता वाचली. परतताना काका म्हणाले की प्रशासन चांगलं आहे, फक्त त्यांचा आशियाचा अभ्यास कमी आहे.

त्यानंतरच्या वर्षी ईशा कॉलेजच्या शेवटच्या सेमिस्टरला घरी आली होती. काकूंनी आळूवडी केली म्हणून आम्हालाही बोलावलं होतं. जेवण झाल्यावर तिने टेबलावर दोन्ही हात ठेवले.

"आजोबा, आजी, आय हॅव न्यूज. ग्रॅज्युएशननंतर मी नेव्हीत जातेय. ऑफिसर म्हणून."

काकू आळूवडीचं ताट हातात घेऊन उभ्याच राहिल्या. काका म्हणाले, "कुठल्या नेव्हीत?"

"आपल्या, आजोबा! हाउ मेनी नेव्हीज डू आय हॅव?"

"पण तू तर बायोलॉजी घेतलं होतंस ना?"

"बदललं. तीन वर्षं झाली." ती हसली आणि तिने नकाशावर बोट ठेवलं. "आजोबा, यू टॉट मी ऑल धिस. मलाक्का, होर्मुझ, सगळं. इथेच बसून."

काकांनी चष्मा काढून पुसला. पण नंतरचं वर्षभर त्यांचा अभिमान आवरायचा कसा हा आमच्या गल्लीपुढचा प्रश्न होता. नेव्हीतल्या नातवंडांच्या आजोबांनी घालायची टोपी त्यांनी मागवली, आणि ते ती घालून फिरायला जात, दुकानात जात, डेंटिस्टच्या खुर्चीतही बसत. ईशाचा गणवेशातला फोटो त्यांच्या खिशात असे. हमीदला दाखवला, मिसेस रेयेसना दाखवला, चेन साहेबांना तर त्यांची गाडी पुसत असताना दाखवला.

मग पुढच्या निवडणुकीच्या वर्षी, उन्हाळा संपता संपता, लांबच्या समुद्रात बिनसलं. तिकडे कोण बरोबर आणि कोण चूक हे टीव्हीवर रोज बदलत होतं. ईशाचा फोन आला की तिचं जहाज निघतंय.

"कुठे?" काकांनी विचारलं. फोन स्पीकरवर होता.

"कान्ट टेल यू, आजोबा."

"बरं, दिशा तरी सांग. पूर्व की पश्चिम?"

"आजोबा!"

 दुसऱ्या दिवशी मी गेले तर टेबल उघडं. नकाशा कुठे म्हणून विचारलं तर म्हणाले, मळला होता, धुवायला काढलाय. काकूंनी माझ्याकडे बघून मान हलवली. इतकी वर्षं तो कधीच धुवायला निघाला नव्हता. जगातल्या प्रत्येक जहाजाने कुठे असायला हवं हे आम्हाला रोज सांगणाऱ्या माणसाला आता एक जहाज कुठे आहे हे माहीत नव्हतं, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मतपत्रिका आल्या. रविवारी सगळे जमले. खिचडी तीच, ताक तेच, पण काका भाषणाला उभे राहिले नाहीत. शेवटी पाटणकर डॉक्टरांनीच सुरुवात केली. निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ, मनाने अतिशय चांगले आणि काकांचे पहिले शिष्य. काकांचा चेहरा उतरलेला पाहून त्यांना वाटलं, यांना जरा खुलवावं. त्यांनी लोणच्याची बरणी उचलली आणि उघड्या टेबलाच्या मधोमध आपटली.

"श्रीधर, बघत काय बसायचं? आरमार पाठवा!"

"कुणाला?" काका म्हणाले.

"म्हणजे?"

"आरमार म्हणजे कोण ते सांग. नाव घेऊन म्हण. 'ईशाला पाठवा' असं म्हण."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. ईशाला सायकल त्यांनीच शिकवली होती. त्यांनी तोंड मिटलं आणि बरणी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.  एवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. "घ्या," त्या म्हणाल्या. "आणि न्यायाधीशांची पानं उरलीत अजून. एकेकाने आत या." सगळे इतक्या लगबगीने उठले की दारात गर्दी झाली.

काका मात्र बसून राहिले. त्यांची पंचाईत मला ठाऊक होती. लाल पेनाने ज्या उमेदवाराला त्यांनी ठामपणात सगळ्यात जास्त मार्क दिले होते, तोच सभांतून म्हणत होता की आणखी जहाजं पाठवीन. दुसरा म्हणत होता, परत बोलावीन. पण काकांच्या कागदावर तो सगळ्याच विषयांत काठावर पास होता. त्यांच्या सिद्धांताप्रमाणे पहिल्याला मत द्यायला हवं होतं. एरवी ऑगस्टमध्ये निकाल जाहीर करणाऱ्या काकांची पत्रिका फ्रिजवर तशीच पडून होती. काकूंची कधीच जाऊन पोचली होती.

"मीनल, तू असतीस तर कुणाला दिलं असतंस?" त्यांनी मला एका दुपारी विचारलं.

"मला कुठे मत आहे काका?"

"म्हणून तर तुला विचारतोय. बाकी सगळ्यांना मी शिकवून ठेवलंय."

"मग ईशालाच विचारा की."

"विचारलं. म्हणाली, आजोबा, ते मला नका विचारू. मला पाठवतील तिथे मी जाते." मग म्हणाले, "मी तिला असा स्वभाव शिकवला नव्हता गं. मी फक्त समुद्र शिकवले होते."

 मी त्यांच्यासाठी चहा केला आणि त्यात साखर दोनदा घातली.

ईशा सुखरूप परत आली हे इथेच सांगून टाकते. वाचणाऱ्याला टांगून ठेवायला मला आवडत नाही. काका पुढे दोन वर्षांनी गेले ते तिला भेटून, तिच्या हातची कॉफी पिऊन आणि ती कॉफी पाणचट आहे असं तिला सांगून. पण तेव्हा आम्ही फ्रीमाँटला नव्हतो. निखिलची नोकरी बदलली आणि आम्ही इकडे जर्सी सिटीला आलो. तिथून निघायची बांधाबांध चालू होती त्याच आठवड्यात, त्या निवडणुकीच्या दोन दिवस आधी, काका आमच्या दारात आले. इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे आणि बूट. हातात सही केलेला लिफाफा. काकांनी गाडी चालवणं तेव्हा सोडलं होतं.

"मला पेटीपर्यंत नेतेस?"

लायब्ररीबाहेर मतपत्रिका टाकायची मोठी लोखंडी पेटी होती. मत कुणाला दिलं ते वाटेत मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पेटीशी गेल्यावर त्यांनी लिफाफा आत टाकला, पेटीवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले, आणि मग गाडीकडे यायच्या ऐवजी तिथेच बाजूला थांबले. खिशातून त्यांनी ईशाचा फोटो काढला. एक माणूस लिफाफा घेऊन आला, त्याच्यापुढे फोटो धरला. "माय ग्रँडडॉटर," ते म्हणाले. "यू आर डिसायडिंग व्हेअर शी गोज." माणूस फोटो बघून म्हणाला, काँग्रॅच्युलेशन्स, आणि पत्रिका टाकून निघून गेला. त्यानंतरच्या बाईनेही तेच केलं.

पाचेक मिनिटांत केशरी जाकीट घातलेली एक स्वयंसेवक मुलगी धावत आली. पेटीपासून शंभर फुटांच्या आत प्रचार करता येत नाही, असं तिने अगदी नम्रपणे सांगितलं.

"मी प्रचार नाही करत. कुणाला द्या असं मी म्हणतच नाहीये. मी नातीचा फोटो दाखवतोय."

मुलीने तो पाहिला आणि तिची अडचण झाली. नातीचा फोटो प्रचारात येतो का, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने फोनवर कुणाला तरी विचारलं, मग म्हणाली, सर, तरीपण. काका इंजिनिअर. वाद न घालता त्यांनी पेटीला पाठ लावली आणि पावलं मोजत निघाले. पार्किंगच्या कडेला एक झाड होतं, तिथे ते थांबले, वळून अंदाज घेतला आणि नियमाला कमी पडायला नको म्हणून आणखी चार पावलं मागे गेले. मी गाडीत बसून बघत होते. आता बोलवावं का, असं मनात येत होतं. घरी सामानाचे खोके पसरलेले होते.

एक बाई बाबागाडी ढकलत आली. हातात लिफाफा. काकांनी तिला फोटो दाखवला आणि तेच वाक्य म्हटलं. ती थांबली. तिने फोटो हातात घेतला, उन्हाकडे वळवून नीट पाहिला, आणि विचारलं, "व्हेअर इज शी नाऊ?"

काकांनी हात उचलला. नकाशावर बोट ठेवायला उचलावा तसाच उचलला. मग तो खाली आणला.

"आय डोन्ट नो," ते म्हणाले.

त्या बाईने लिफाफा लगेच नेऊन टाकला नाही. ती बाबागाडीचा ब्रेक लावून काकांशेजारी झाडाखाली उभी राहिली आणि दोघं मिळून तो फोटो बघू लागली. मी गाडीची चावी काढली आणि बसून राहिले.